मागचा बाक आणि ठणठणीत गाय

अत्यंत गांभीर्याने, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता मी आज सर्व संबंधितांस जाहीर करते की, मौजे बुरोंडी येथील कपिला नावाची गाय, रंग तांबडा, डावं शिंग किंचित वाकडं, ही त्या वर्षीच्या जून महिन्यात ठणठणीत होती. ती खात होती, पीत होती, रवंथ करत होती आणि दोन्ही वेळेस दूध देत होती. ती आजारी असल्याची जी बातमी आमच्या रत्नागिरीच्या घरात पसरली ती साफ खोटी होती. ती मी पसरवली होती. हे कबूल करायला मला चाळीसेक वर्षं लागली, त्याबद्दल त्या गाईच्या हयात असलेल्या वारसांची मी जाहीर माफी मागते.

आता तेरा वर्षांच्या मुलीने एका निरपराध गाईला आजारी का पाडावं, हे समजायचं तर आधी शाळा समजायला हवी. ती मुलींची सरकारी शाळा होती, आठवी ते दहावी. जिल्हाभरातून मुली परीक्षेला बसायच्या आणि त्यांतल्या फक्त चाळीस घेतल्या जायच्या. चाळीसच का, याला शिक्षणखात्याचं काही थोर धोरण नव्हतं. शाळा होती रत्नागिरीतच, मांडवीच्या अंगाला, एका जुन्या मिठाच्या वखारीत, आणि त्या वखारीत दोन-दोन मुलींचे वीस बाक मावायचे. बस. मीठ जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण भिंती काही ते विसरल्या नव्हत्या. पावसाळ्यात त्यांना घाम फुटायचा, त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरायची, आणि बोट लावून चाटलं तर खारट लागायचं. नवीन मुलीला जुन्या मुली पहिल्या दिवशी ती भिंत चाटायला लावत. मी चाटलेली आहे. तो मला त्या शाळेने दिलेला एकमेव प्रसाद.

शाळा काढली ती एका बाईंनी, सरकार त्यात पडण्याच्या कितीतरी आधी. त्यांना सगळे नुसतं ‘पहिल्या बाई’ म्हणत. त्यांनी दारोदार फिरून सात मुली जमवल्या. पण व्हायचं काय, की बाप यायचा, मुलीचं नाव घालायचा. महिन्याने भाऊ यायचा, नाव काढून घेऊन जायचा. मुलीला विचारतंय कोण! शेवटी बाईंनी एक जाडजूड वही आणली आणि जाहीर केलं, की या वहीत मुलीने स्वतःच्या हाताने सही केली तरच ती शाळेची. बापाची सही नको, भावाची नको, नवऱ्याची तर नकोच नको. पण त्या सातजणींतल्या पाचजणींना आपलं नावच लिहिता येईना. मग बाईंनी त्यांना सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा दिवस फक्त स्वतःचं नाव गिरवायला बसवलं, आणि शनिवारी पाचच्या घंटेआधी सातहीजणींनी सही केली. पुढे शाळा सरकारी झाली, निवडपरीक्षा आली, येणाऱ्या मुलींना बीजगणित येऊ लागलं, तरी रिवाज तोच राहिला. सोमवारी शाळा सुरू, शनिवारी सही. मधले सहा दिवस मुलीने बसून बघायचं आणि स्वतः ठरवायचं. मध्ये एखाद-दोन दिवस कुणी आली नाही तरी चाले, कारण जूनमध्ये कोकणात कोण कुठे अडकेल सांगता येत नाही. पण शनिवारी पाचच्या आत तिचा हात त्या वहीवर पडलाच पाहिजे. नाही पडला तर तिच्या नावापुढची ओळ कोरी राहायची. कायमची. तिच्यावर दुसरं कुणाचं नाव चढत नसे. जिला तिची जागा मिळे तिची सही पानाच्या तळाशी, आणि तिच्यापुढे समासात दोन शब्द: मागचा बाक.

हा मागचा बाक म्हणजे एकविसावा. लांबलचक, पाठ नसलेला, भिंतीला खेटून. त्यावर प्रतीक्षायादीतल्या पाच मुली बसायच्या. होय, त्यांनाही ते सहा दिवस वर्गात बसवत. पुढे चाळीस मुली निळ्या गणवेशात, मागे पाच मुली आपापल्या जुन्या कपड्यांत. शनिवारी पुढच्या सगळ्यांनी सह्या केल्या, की मागच्यांनी दप्तर उचलायचं, बाईंना नमस्कार करायचा आणि घरी जायचं. एवढ्या थोर, एवढ्या दयाळू पहिल्या बाईंच्या शाळेत हा छळ कुणी शोधून काढला, कोण जाणे. त्या पाचजणींत एक नंबरला मी होते. आणि पुढच्या चाळिसांत अकराव्या नंबरला माझी मावसबहीण वासंती.

वासू एप्रिलमध्ये परीक्षेसाठी म्हणून आमच्याकडे आली ती आंब्याची साठं, कोकमं आणि गुडघ्यापर्यंतचे केस घेऊन. तिचे बाबा बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणारे. बुरोंडीला ती, इंदूमावशी आणि कपिला. झाडगावातलं आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे पडवी. मी एकुलती एक, त्यामुळे त्या घरातली प्रत्येक गोष्ट आजवर पहिल्यांदा माझ्याकडे यायची. तव्यावरचा पहिला घावन माझा. नारळाची पहिली खवणलेली मूठ माझी. आईची खवणी सकाळी खरखर वाजायला लागली, की मी झोपेतच हात पुढे करायची आणि हातावर खोबरं पडायचं. वासू आल्यावर आठवडाभरात पहिला घावन तिच्या पानात पडला. ‘पाहुणी आहे गो ती,’ आई म्हणाली. ठीक. पण जी बाई तुमच्या चादरीत झोपते, तुमच्या तेलाने वेणी घालते आणि तुमच्या वडिलांना ‘काका, आज चष्मा विसरलात’ म्हणून चष्मा नेऊन देते, ती पाहुणी किती दिवस असते?

तिचा काही दोष असता तर माझं काम सोपं झालं असतं. मी तो पुष्कळ शोधला. ती खोटं बोलत नसे, चुगली करत नसे, गणितं सोडवताना पुटपुटायची तेवढंच, आणि तीही बरोबर यायची. बांगडा खायची तर असा, की पानाच्या कडेला काटे फणीच्या दातांसारखे ओळीने लावलेले. आई म्हणायची, ‘बघ शोभे, मासा असा खातात.’ माझ्या पानात तेव्हा बांगड्याची लढाई झालेली असे. रात्री दिवा मालवल्यावर ती हळूच विचारायची, ‘शोभाताई, तुला झोप आली?’ तीन महिन्यांनी मोठी होते मी तिच्याहून. तेवढ्यावर ती मला ताई म्हणायची. हे तर मला मुळीच सहन होत नसे.

निकाल लागला तेव्हा बाबा आम्हां दोघींना घेऊन शाळेच्या व्हरांड्यात गेले. बाबा कचेरीत कारकून. कुठलीही यादी ते बोट ठेवून, मान डोलवत, जमीनमहसूल तपासावा तशी वाचत. अकराव्या नावावर बोट थांबलं, त्यांनी वासूच्या डोक्यावर टपली मारली. मग बोट खाली, खाली, चाळीसवर आलं, मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे गेलं आणि थांबलं. ‘चाळीस संपले की लगेच तूच,’ बाबा प्रामाणिक आनंदाने म्हणाले. ‘म्हणजे जिल्ह्यात एक्केचाळिसावी. वाईट काय आहे?’ त्या संध्याकाळी आईने वासूसाठी शिरा केला. तो मला कडू लागला असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तो उत्तम झाला होता आणि मी तीनदा घेतला. मत्सराने माणसाची भूक मरते म्हणतात, ते ज्यांनी नीट मत्सर केलेला नाही त्यांचं म्हणणं आहे.

निळं कापड मात्र बाबांनी दोघींचं आणलं, एकाच ताग्यातलं. वासूचं शिंप्याकडे गेलं, माझं ट्रंकेत. ‘लागलं तर शिवू,’ आई म्हणाली. मी रोज दुपारी ट्रंक उघडून ते कापड हुंगत असे. नव्या कापडाचा तो खळीचा वास आजही दुकानात आला, की माझ्या पोटात तेरा वर्षांची एक मुलगी दात खाते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आई आणि इंदूमावशी, दोघी सख्ख्या बहिणी, वर्षाच्या अंतराने झालेल्या, बुरोंडीहून एकाच वर्षी याच शाळेच्या परीक्षेला आल्या होत्या आणि एका नातेवाइकांकडे उतरल्या होत्या. आई शाळा शिकली. मावशी शिकली नाही. का, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण मावशी दर मे महिन्यात यायची आणि स्वतःच्या तोंडाने, हातवारे करून ते सांगायची. सहीच्या आठवड्यात निरोप आला, की घरची चांदी गाय आजारी आहे, चारा तोंडात घेत नाही. मावशीचा त्या गाईवर जीव. ती तशीच निघाली, दोन दिवसांनी गावी पोचली. चांदी तेव्हा वर सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या कातळावर, गुराख्याकडे होती. मावशी धावत सडा चढून गेली. ‘आणि काय सांगू गो शोभे,’ इथे मावशीचा आवाज देवळात शिरल्यासारखा व्हायचा, ‘बसली होती बिचारी एका जागी. मी हाक मारली, चांदेऽऽ! तशी मान वर केलीन, माझ्याकडे बघितलन्, आणि उठून उभी राहिली! माझ्या हातचं गवत खाल्लन्!’ शाळा गेली ती गेली, पण तेव्हापासून मावशीच्या हाताला गुण आहे अशी पंचक्रोशीत ख्याती झाली. कुणाची म्हैस अडली, कुणाचं वासरू दूध पिईना, की इंदूला बोलावणं. ती जायची, कपाळावर हात ठेवायची, म्हणायची, ‘उठ गो बाय.’ निम्म्या वेळा ते उठायचंही. आणि आई? ही गोष्ट सुरू झाली, की आईला नेमकं काहीतरी आणायला आत जावं लागे. मला वाटे, शंभरदा ऐकलेलं ऐकून कंटाळली असेल. आई स्वतःबद्दल एवढंच, आणि तेही मावशी समोर नसताना, सांगायची, ‘मी पहिल्या दहांत होते.’

सोमवारी शाळा सुरू झाली. मागच्या बाकावर बसलं, की समोर दिसतात चाळीस पाठी आणि ऐंशी वेण्या. पहिल्या मधल्या सुट्टीपर्यंतच आम्ही पाचजणींनी, कुणीही कुणाशी न बोलता, आपापली पाठ वाटून घेतली होती. माझ्या शेजारच्या कमलने खोकणारी मुलगी धरली होती. ती दर तासाला पुढे वाकून तिला विचारायची, ‘कसं वाटतंय गं आता?’ आणि ती बिचारी म्हणायची, ‘बरं वाटतंय,’ की कमलचा चेहरा पडायचा. दुसरीने एक अशी निवडली होती जिचे वडील बदलीच्या नोकरीत होते. खरं तर पुढची कुठलीही मुलगी गळाली असती तरी जागा आधी मलाच मिळणार होती. कमलची सगळी शुश्रूषा माझ्याच खात्यावर जमा झाली असती. पण मत्सराला एवढा हिशेब कुठला सुचायला! मला कुणीही गळून चालणार नव्हती. मला ती अकरावी पाठच हवी होती.

मंगळवारी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या वेळच्या मुख्याध्यापिका, पहिल्या बाईंची गोष्ट सांगत होत्या. अंगठ्याएवढ्या खडूने नाव गिरवणाऱ्या त्या पाचजणींचं सांगताना त्यांनी विचारलं, ‘तुमच्यापैकी कुणाला घरची आठवण येते?’ मग वासू उभी राहिली आणि म्हणाली, ‘मला कपिलेची येते.’ वर्ग हसला. मोठ्या बाई हसल्या नाहीत; त्यांनी तिला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘येऊ दे हो. आठवण येते तिनंच सही करावी, म्हणजे सहीला वजन येतं.’ झालं! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला आवडलेल्या बाई, आणि त्यांचा हात त्या वेणीवर. त्याच क्षणी मला ती गाय दिसली. बसलेली. चारा न खाणारी. यात माझी अक्कल काही नव्हती. इंदूमावशीच्या गोष्टीतूनच मी ती उचलली. एक गाय आजारी पडून जर एक मुलगी एकदा बुरोंडीला गेली होती, तर दुसरी का जाणार नाही?

त्या संध्याकाळी कुळथाचं पिठलं होतं आणि आई दुसऱ्या दिवसाचा नारळ खवत बसली होती. मी पाटावर बसता बसता, अगदी सहज म्हणून, म्हणाले, ‘अगो वासू, सांगायचं राहिलंच. गाडीतळावर तो खेडच्या गाडीचा कंडक्टर भेटला. दापोलीकडच्या कुणीतरी निरोप दिलाय म्हणे. तुमची कपिला आजारी आहे. चारा तोंडात घेत नाही.’

खवणी थांबली.

वासूचा घास हातात राहिला. ‘कधीपासून?’

‘चार दिवस,’ मी म्हणाले. आणि वर, कलाकाराला थांबायचं कुठे ते कळत नाही म्हणतात तसं, ‘नुसती वाटेकडे बघत बसून असते.’

वासू ओरडून रडली नाही. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी पिठल्यात पडायला लागलं आणि ती ते पुसायचंही विसरली. बाबा एकदम कामाला लागले. एसटीचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ. ‘सकाळी सहाची गाडी. खेडला बदलायची. संध्याकाळी बुरोंडी. गुरुवारी गुराचा डॉक्टर बघेल, शुक्रवारी परत निघायचं, शनिवारी सही. बसतंय की!’ बाबांचा विश्वास होता, की छापलेली गाडी येतेच. आईने मात्र माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हातात अर्धी वाटी नारळाची, मनगटाला खोबऱ्याचा कीस. मला वाटलं, आता विचारणार: कोण कंडक्टर? कुठे भेटला? तू गाडीतळावर कशाला गेली होतीस? तिने यातलं काही विचारलं नाही. ‘डबा लवकर करावा लागेल,’ एवढंच म्हणाली आणि खाली मान घालून पुन्हा खवायला लागली. मी खूप वर्षं याचा अर्थ ‘आईने माझ्यावर विश्वास ठेवला’ असा लावत होते. आता मी आई आहे, आणि मुलगी खोटं बोलताना तिच्या कानांच्या पाळ्या लाल होतात ते मला स्वयंपाकघरातून पाठमोरी असताना कळतं.

बुधवारी सकाळी बाबांनी वासूला कंडक्टरच्या ताब्यात देऊन बसवलं. तिने खिडकीतून मला हात केला. ‘शोभाताई, तू सांगितलंस म्हणून कळलं तरी,’ ती म्हणाली. गाडी गेली. पुढचे तीन दिवस घरात माझं राज्य परत आलं. पहिला घावन माझा, पहिली मूठ माझी. घावनाला चव होती की नव्हती, ते मला आठवत नाही. आठवतो तो पन्हळीतून अंगणात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आणि त्यात आईचं न बोलणं. एरवी कामं करताना ती गुणगुणायची. शाळेत अकराव्या जागेवर एकटी एक पट्टी आणि पेन्सिल पडून होती. वासू विसरून गेली होती. मी त्या पट्टीकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि दिवसभर तिच्याकडेच बघितलं. शुक्रवारी संध्याकाळी बाबा गाडीतळावर दोन तास उभे राहून परत आले. परशुराम घाटात दरड आली होती, खेडच्या बाजूच्या गाड्या घाटाच्या पलीकडेच. ‘वेळापत्रकात दरड धरलेली नसते,’ बाबा खिन्नपणे म्हणाले. मी अंथरुणात तोंड खुपसून झोपल्याचं सोंग केलं, कारण मला हसू येत होतं की रडू ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

शनिवारी चारनंतर सह्या सुरू झाल्या. एकेक मुलगी आत जायची, बाहेर यायची तेव्हा तिचं मधलं बोट शाईने निळं असायचं आणि चेहरा लग्न लागल्यासारखा. खोकणाऱ्या मुलीने खणखणीत सही केली. कमल दप्तर भरायला लागली. साडेचारला अकराव्या नावाचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. बदली मुलीची सहीही पाचच्या आतच व्हायला हवी, म्हणून तीन पुकाऱ्यांपलीकडे थांबत नसत. मग शिपाईणबाई मागच्या बाकाकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘एक नंबर, चल. आईला बोलाव.’ आई व्हरांड्यातच होती, भिजलेली छत्री पायाशी टेकून.

मोठ्या बाईंच्या खोलीत ती वही टेबलावर उघडी होती. अकरावी ओळ: वासूचं नाव, आणि पुढे कोरं. इतकं कोरं मी काही पाहिलं नव्हतं. ‘बस,’ मोठ्या बाई म्हणाल्या. मग आईकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. ‘तुम्ही आपल्याच की! मग आधी ते दाखवू या. इथे शिकलेल्या आईची मुलगी आली, की आधी तिला आईची सही दाखवायची, मग पेन द्यायचं. जुनी पद्धत आहे.’

‘कशाला बाई,’ आई घाईघाईने म्हणाली, ‘पावसाचे ते जुने कागद... राहू दे.’

‘राहू दे कसं?’ बाई कपाटाकडे गेल्यासुद्धा. त्यांनी एक पिवळी पडलेली वही आणली, पानं उलटली, बोट ठेवलं. मी पहिल्या दहा नावांत आई शोधली. आई नव्हती. सहाव्या ओळीवर होतं इंदूमावशीचं माहेरचं नाव, आणि पुढे कोरं. मग बोट खाली, खाली, पानाच्या तळाशी गेलं. तिथे आईची सही होती, वळणदार, जरा जास्तच दाबून केलेली. आणि समासात दोन शब्द.

मी आईकडे पाहिलं. आई छत्रीकडे पाहत होती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. तेराव्या वर्षी सगळं कळत नाही. पण दोन शब्द वाचता येतात. मोठ्या बाईंनी पेन पुढे केलं, मी ते घेतलं, शाईत बुडवलं, आणि माझा हात त्या कागदाच्या वर तसाच अधांतरी राहिला. शाईचा एक थेंब पडला. तो डाग अजून त्या पानावर असेल. त्या शाळेत माझी तेवढीच नोंद.

कारण त्याच वेळी दार धाडकन उघडलं आणि आधी आला तो मासळीचा वास, मग वासू, आणि मग इंदूमावशी. दोघी नखशिखान्त भिजलेल्या, वासूच्या वेणीत बर्फातला लाकडाचा भुसा. दोघींनी दरडीच्या अलीकडे-पलीकडे चिखलातून चालत घाट ओलांडला होता आणि चिपळूणहून मासळीच्या बर्फाच्या ट्रकमध्ये बसून आल्या होत्या. पाचला दहा मिनिटं कमी होती.

‘हीच वही ना?’ मावशीने वासूला पुढे ढकललं. ‘कर गो सही, आधी सही कर, मग श्वास घे!’

मी उठले. वासूने माझ्या हातातून पेन घेतलं, ओढून नव्हे, मी दिलं म्हणून घेतलं, आणि अकराव्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, ‘कपिला बरी आहे, शोभाताई.’ तेवढंच. ती पुढची तीन वर्षं आमच्याकडे राहून ती शाळा शिकली, माझ्या ट्रंकेतल्या कापडाचा तिचा दुसरा गणवेश झाला, आणि मी गावातल्या दुसऱ्या शाळेत गेले, जिच्या भिंती कितीही चाटल्या तरी चुन्याच्याच लागायच्या. तीन वर्षांत तिने ही गोष्ट एकदाही काढली नाही. तिचा दोष मला तेव्हा सापडला: ती माफ करायची.

मावशीचा मात्र तसा स्वभाव नव्हता. सही झाली तशी ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. ‘कोण गो तो कंडक्टर? नाव सांग त्याचं! रोज सकाळ-संध्याकाळ मी धार काढत्ये त्या गाईची, आणि हा मेला मला सांगणार ती चारा खात नाही म्हणून? पोर रडत घरात शिरली, मी म्हटलं, अगो, कपिलेला काय धाड भरली, गोठ्यात बघ, चरून चरून फुगलेय! कुणाला तरी माझ्या पोरीची ओळ कोरी ठेवायची होती, दुसरं काय?’

‘इंदे,’ आई पुटपुटली, ‘नंतर बोलू, घरी चल...’

‘कोणती गाय?’ मोठ्या बाईंनी गोंधळून विचारलं.

पण मावशीचं लक्ष आता टेबलावरच्या दुसऱ्या वहीकडे गेलं होतं. ती वाकली. वाचायची सवय सुटून तिला कित्येक वर्षं झाली होती. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत असे. बोट सहाव्या ओळीवर गेलं आणि थांबलं. तिने स्वतःचं नाव वाचलं, ओठ हलवून, दोनदा. कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग ते बोट खाली, खाली, पानाच्या तळाशी गेलं, आईच्या दाबून केलेल्या सहीवर, आणि तिथून समासातल्या दोन शब्दांवर. आई मागच्या बाकावर होती हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं; ती पुढे कुणाच्या जागेवर गेली, हे तिने कधी जोडून पाहिलं नव्हतं. मी मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला तिथे तो सडा दिसला, एका जागी निवांत रवंथ करत बसलेली चांदी दिसली, हाक ऐकून मान वर करून उठणारी. आणि तिच्यामागे ओळीने त्या सगळ्या म्हशी, वासरं, पाड्या, ज्यांच्या कपाळावर मावशीने एवढी वर्षं हात ठेवला होता. बाहेर शिपाईणबाईंनी पाचची घंटा द्यायला सुरुवात केली. मावशी सरळ उभी राहिली, आईकडे वळली, आणि त्या घंटेच्या वरताण, व्हरांड्यातल्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

‘म्हणजे गो ताय, आपली चांदीसुद्धा तेव्हा ठणठणीतच होती!’